ग्रीक नवा करार आणि पवित्र अवशेष: कोणता कोश कधी उघडायचा

नव्या कराराचं ग्रीक किंवा ख्रिस्ती अवशेषांचा (संतांच्या अस्थी, त्यांच्या वापरातल्या वस्तू वगैरेंचा) इतिहास शिकायचं मनावर घेतलं की नवखा माणूस आधी काय करतो, तर नेटवर फुकट मिळतील तेवढे कोश उतरवून एका फोल्डरमध्ये भरून ठेवतो. फोल्डर भरतो आणि अभ्यास तिथंच अडतो. हे सगळे कोश एकाच कामाचे नाहीत. एक होमरपासूनच्या ग्रीकसाठी आहे, एक फक्त नव्या कराराच्या काळासाठी, एक चर्चच्या आद्य आचार्यांसाठी. आणि ज्याचं नाव सगळ्यात जास्त ऐकू येतं तो ‘स्ट्राँग’ तर मुळात कोश नाहीच, इंग्रजी बायबलची शब्दसूची आहे. म्हणून नियम एकच धरा: आधी मजकूर कोणत्या शतकातला ते बघायचं, मग त्या शतकाचा कोश काढायचा.

नुसता नियम सांगून भागत नाही, म्हणून एक शब्द हाताशी धरू. सुदारिओन. लॅटिनमधून ग्रीकमध्ये आलेला शब्द, अर्थ घाम पुसायचं कापड. नव्या करारात तो चार ठिकाणी येतो. लूक १९:२० मध्ये नोकर धन्याची मोहर त्यात गुंडाळून ठेवतो. योहान ११:४४ मध्ये लाजराचा चेहरा त्यात बांधलेला आहे. योहान २०:७ मध्ये येशूच्या डोक्याला असलेलं हे कापड रिकाम्या कबरेत वेगळं ठेवलेलं दिसतं. आणि प्रेषितांची कृत्ये १९:१२ मध्ये पौलाच्या अंगाला लागलेली अशी कापडं लोक आजाऱ्यांकडे नेतात. अवशेषांची पूजा बायबलला धरून आहे की नाही या वादात हा शेवटचा उतारा हमखास निघतो. शिवाय स्पेनमधल्या ओविएदोच्या कॅथेड्रलमध्ये जपलेलं एक कापड याच नावानं ओळखलं जातं. म्हणजे धर्मग्रंथ आणि अवशेष, दोन्हीकडे चालणारा शब्द. सुरुवात म्हणून आपापलं मराठी बायबल काढा आणि या चारही ठिकाणी कोणता शब्द वापरलाय ते बघून ठेवा.

पहिली पायरी: अक्षरं, आणि फक्त अक्षरं

ग्रीक अक्षरं चोवीस. व्याकरणाच्या आधी त्यांचा क्रम पाठ करा, कारण क्रम येत नसेल तर छापील कोश उघडून उपयोग नाही. वर्गात थीटा, फी आणि खी ही अक्षरं बहुधा थ, फ, ख अशी शिकवतात. मराठी माणसाला त्यासाठी जीभ वळवावी लागत नाही. खरी गफलत होते ती स्वरांच्या डोक्यावरच्या छोट्या चिन्हानं. शब्द स्वरानं सुरू होत असेल तर त्या स्वरावर एक श्वासचिन्ह असतं. एका दिशेला वळलेलं असेल तर आधी ‘ह’ उच्चारायचा, उलट असेल तर नाही. पण कोशात त्या ‘ह’ला जागा नाही. ‘पवित्र’ या अर्थाचा हागिओस हा शब्द ‘ह’मध्ये शोधत बसाल तर जन्मभर सापडणार नाही, तो अल्फामध्ये आहे. स्वराघाताची चिन्हं मात्र शब्द शोधताना बिनधास्त दुर्लक्षा.

दुसरी पायरी: मूळ रूप गाठणं

शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती, लिंग, वचन यांनी दचकायचं कारण नाही. नव्या करारातल्या ग्रीकमध्ये द्विवचनसुद्धा उरलेलं नाही, तेवढं ओझं कमी. फरक एवढाच की संस्कृत कोशात क्रियापद धातूखाली शोधतात, ग्रीक कोशात ते वर्तमानकाळाच्या प्रथमपुरुषी एकवचनाखाली असतं. ‘मी सोडतो’ या रूपाखाली ‘सोडणे’चं सगळं बिऱ्हाड.

एक उदाहरण जवळून बघा. मत्तय २७:५९ मध्ये अरिमथाईचा योसेफ येशूचं शरीर स्वच्छ तागाच्या कापडात गुंडाळतो. ‘गुंडाळलं’साठी मजकुरात एनेतुलिक्सेन असं रूप आहे. हे जसंच्या तसं शोधलं तर हाती काही लागत नाही. शेवटचा ‘सेन’ हा भूतकाळाचा प्रत्यय. सुरुवातीचा ‘एन्’ उपसर्ग. आणि या दोघांच्या मध्ये, उपसर्गाला चिकटून, भूतकाळाचा आगम ‘ए’ घुसलेला आहे. संस्कृतमध्ये ‘अगच्छत्’चा ‘अ’ असतो तसाच, आणि ‘समगच्छत’मध्ये तो जसा उपसर्गानंतर येतो तसाच. आगम काढला, प्रत्यय काढला की एन्तुलिस्सो मिळतं. कोशात नोंद याच रूपाखाली. याच क्रियापदाचं आणखी एक रूप योहान २०:७ मध्ये आपल्या सुदारिओनसाठी आलंय, हे नोंद उघडल्यावर लगेच दिसतं. अशी गाठ पडणं हीच या खटपटीची कमाई.

स्टेप बायबल किंवा पर्सियस या संकेतस्थळांवर शब्दावर टिचकी मारली की मूळ रूप आपोआप दिसतं, आणि ती सोय वापरायला हरकत नाही. पण निदान पहिले काही महिने आधी स्वतः रूप सोडवा, मग टिचकी मारून ताळा करा. नाहीतर दोन वर्षांनीही टिचकीशिवाय पान पुढे सरकत नाही.

तिसरी पायरी: एक नोंद पूर्ण वाचायला शिका

कोश उघडून पहिला इंग्रजी प्रतिशब्द उचलणं म्हणजे कोश वाचणं नव्हे. सुदारिओनच्या नोंदीत शब्दापुढं ‘-ऊ’ आणि मग ‘तो’ असं लिहिलेलं असतं. ‘-ऊ’ हा षष्ठीचा प्रत्यय, आणि ‘तो’ हे नपुंसकलिंगी उपपद. इथं मराठी वाचकाची हमखास गंमत होते: ग्रीकमध्ये पुल्लिंगी उपपद ‘हो’, स्त्रीलिंगी ‘हे’ आणि नपुंसकलिंगी ‘तो’. सुरुवातीला ‘तो’ दिसला की आपण पुल्लिंग समजून मोकळे होतो. कोशाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं हे तिन्ही लिहून ठेवा. त्यानंतर अर्थ, मग त्या अर्थाची स्थळं, शेवटी इतर कोशांकडे बोट दाखवणारी संक्षिप्त रूपं. संक्षेपांची यादी सुरुवातीच्या पानांत असते. ती एकदा शांतपणे वाचायचा आळस केलात तर पुढे प्रत्येक नोंदीत ठेच लागेल.

पहिला कोश म्हणून मी अ‍ॅबट-स्मिथचा १९२२ चा छोटा कोश सुचवेन. आटोपशीर आहे, फुकट मिळतो, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात तो शब्द कुठं आलाय हेही सांगतो. थेअरचा १८८० च्या दशकातला कोश त्याहून मोठा आहे आणि त्याची एक खूण फार कामाची: नोंदीच्या शेवटी तारा असेल तर नव्या करारातली त्या शब्दाची सगळी स्थळं कोशात आलेली आहेत. पण थेअर छापून झाला आणि त्यानंतर इजिप्तच्या वाळूतून हजारो पपायरस, म्हणजे त्या काळचे लिहिलेले कागद, बाहेर आले. नव्या करारातलं ग्रीक ही कुठली खास पवित्र बोली नसून त्या काळची बाजारातली, चावडीवरची बोलभाषा होती, हे जर्मन अभ्यासक डाइसमान यांनी १८९५ पासून त्या कागदांच्या आधारे दाखवून दिलं. थेअरमध्ये यातलं काही नाही. तेव्हा स्थळं शोधायला थेअर चालेल. अर्थाचा निवाडा त्याच्यावर सोपवू नका.

निवाड्यासाठी आज जो कोश प्रमाण मानतात तो मुळात वाल्टर बाउअर यांचा जर्मन कोश. इंग्रजीत तो आर्न्ट आणि गिंगरिच यांनी १९५७ मध्ये आणला आणि फ्रेडरिक डँकर यांनी २००० साली तिसरी आवृत्ती काढली. बोलताना सगळे त्याला ‘बीडॅग’ म्हणतात. तिसऱ्या आवृत्तीत डँकर यांनी नुसते प्रतिशब्द न देता अर्थाची व्याख्या दिली, हा मोठा फरक. अवशेषांच्या अभ्यासकाला याचा आणखी एक फायदा: यात नव्या करारालगतचं, म्हणजे प्रेषितोत्तर पितरांचं (प्रेषितांनंतरच्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लेखकांचं) लेखनही धरलेलं आहे. स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याचा दुसऱ्या शतकातला वृत्तांत त्यातच येतो. त्याच्या अठराव्या प्रकरणात, जाळलेल्या पॉलिकार्पची हाडं मौल्यवान रत्नांहून मोलाची मानून लोकांनी गोळा केली आणि योग्य जागी ठेवली, असं आहे. हुतात्म्याचे अवशेष जपल्याचा हा फार जुना पुरावा, आणि तो वाचायला वेगळा कोश लागत नाही.

लू आणि नायडा यांचा १९८८ चा कोश अक्षरक्रमानं नाही, अर्थाच्या गटांनी लावलेला आहे; असे ९३ गट. भाषांतरकारांसाठी केलेला. कापडाच्या गटात गेलात की सुदारिओन, सिंदोन (शरीर गुंडाळायचं तागाचं कापड) आणि ओथोनिआ (योहानातली तागाची वस्त्रं) यांची आपसात तुलना करता येते. एकाच दफनाच्या प्रसंगात मत्तय, मार्क आणि लूक सिंदोन म्हणतात आणि योहान ओथोनिआ म्हणतो. यावर केवढे वाद झडलेत ते पुढे कळेलच.

स्ट्राँगच्या क्रमांकांचं काय?

जेम्स स्ट्राँग यांची सूची १८९० ची. सुदारिओनला तिथं ४६७६ हा क्रमांक आहे, सिंदोनला ४६१६. क्रमांक पत्त्यासाठी उत्तम. ग्रीक न येणाऱ्यालाही तो शब्दापर्यंत पोचवतो. पण क्रमांकाखाली जे अर्थ दिसतात त्यांत मोठा भाग हा किंग जेम्स बायबल या जुन्या इंग्रजी भाषांतरानं तो शब्द कुठं कसा भाषांतरित केला याची यादी असते. त्या यादीतून आपल्याला सोयीचा शब्द उचलायचा आणि ‘मूळ ग्रीकमध्ये असं आहे’ म्हणून ठोकून द्यायचं, हा प्रकार प्रवचनांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर इतका चालतो की त्याबद्दल वेगळं काय बोलावं.

चौथी पायरी: शब्द रोजच्या वापरात बघा

मोल्टन आणि मिलिगन यांचा कोश पपायरसांवर आधारलेला आहे. सगळे शब्द त्यात नाहीत, पण जे आहेत ते त्या काळच्या पत्रांत, पावत्यांत, अर्जांत कसे आले ते वाचायला मिळतं. सुदारिओन तिथं कुठं भेटतं, तर इजिप्तमधल्या विवाहकरारांत, वधूनं आणलेल्या सामानाच्या यादीत! कबरेतल्या कापडाचं गूढ मनात घेऊन आलेल्या वाचकाला हा शब्द नवरीच्या पेटीतल्या कपड्यांमध्ये सापडतो आणि पाय जमिनीवर येतात. या कोशाचे भाग १९१४ ते १९२९ दरम्यान निघाले. त्यातले जेम्स होप मोल्टन हे जरथुष्ट्री धर्माचेही अभ्यासक होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात पारशी समाजात काम करायला भारतात आले होते. १९१७ मध्ये परतीच्या वाटेवर भूमध्य समुद्रात त्यांची बोट पाणतीराने बुडवली आणि त्यात ते गेले. कोश मिलिगन यांनी पुरा केला.

पाचवी पायरी: नव्या कराराच्या मागं आणि पुढं

आता अवशेषांचा मुख्य ग्रीक शब्द घ्या: लाइप्सानोन, उरलेला भाग, अनेकवचनी लाइप्साना. हा नव्या करारात नाहीच. म्हणून बाउअर-डँकरवर थांबलात तर हात हलवत परत याल. मागचा काळ बघायला लिडेल आणि स्कॉट. पहिली आवृत्ती १८४३ ची, आणि आज वापरतात ती हेन्री स्टुअर्ट जोन्स यांनी सुधारलेली, १९४० मध्ये पूर्ण झालेली नववी. (यातले लिडेल म्हणजे ‘वंडरलँड’मधली अ‍ॅलिस ज्या मुलीवरून आली तिचे वडील.) शिकागो विद्यापीठाच्या लोगेइऑन या संकेतस्थळावर तो फुकट बघता येतो. ख्रिस्ताच्या आधी चारशेहून जास्त वर्षं सोफोक्लीसच्या ‘इलेक्ट्रा’ नाटकात लहानशा कलशातून आणलेल्या अस्थींना हाच शब्द वापरलाय. मृताचे उरलेले अंश हा अर्थ ख्रिस्ती लोकांनी घडवला नाही, त्यांना तो तयार मिळाला.

पुढच्या काळासाठी मात्र लिडेल-स्कॉटवर विसंबू नका. चर्चच्या आचार्यांचं लेखन नवव्या आवृत्तीतून मुद्दाम वगळलं होतं, कारण त्यासाठी स्वतंत्र कोशाचं काम हाती घेतलेलं होतं. तो कोश म्हणजे लॅम्पे यांचा, १९६१ ते १९६८ मध्ये भागांनी निघालेला. हुतात्म्यांचे आणि संतांचे अवशेष या अर्थानं लाइप्साना इथं सापडतं. लक्षात ठेवायचं ते हे की लॅम्पे हा लिडेल-स्कॉटच्या शेजारी ठेवून वापरायचा कोश आहे. तिथं नीट दिलेला सामान्य अर्थ हा पुन्हा देत बसत नाही. लॅम्पेमध्ये नोंद तोकडी दिसली म्हणून शब्द दुर्मीळ असा निष्कर्ष काढू नका. लॅम्पे मिळत नसेल तर ई. ए. सोफोक्लीस यांचा १८७० चा रोमन आणि बायझंटाइन काळाचा कोश फुकट आहे. नाटककार वेगळा, हे हार्वर्डचे प्राध्यापक.

आणखी एक सावधगिरी. पॉलिकार्पच्या वृत्तांतात लोकांनी गोळा केली ती ‘ओस्ता’, म्हणजे सरळ हाडं. तेव्हा फक्त लाइप्साना शोधत गेलात तर तो उतारा हातचा जाईल. जुन्या करारातही तसंच. अलीशा संदेष्ट्याच्या हाडांना स्पर्श होऊन मेलेला माणूस उठतो ती गोष्ट २ राजे १३:२१ मध्ये आहे. सेप्टुआजिंटच्या (जुन्या कराराच्या त्या ग्रीक भाषांतराच्या) कोशांत, उदाहरणार्थ मुराओका यांच्या २००९ च्या कोशात, दुसरे राजे शोधून गडबडू नका. ग्रीक परंपरेत शमुवेलाची दोन आणि राजांची दोन मिळून ‘राज्यं’ एक ते चार होतात, म्हणून आपलं दुसरे राजे तिथं चौथं राज्य असतं.

किटेल यांचा दहा खंडांचा धर्मशास्त्रीय कोश कपाटात फार भारदस्त दिसतो. नवख्यानं तो शेवटी उघडावा. एका शब्दाच्या सगळ्या इतिहासाचं ओझं प्रत्येक वाक्यातल्या त्या शब्दावर लादलं जातं, ही जेम्स बार यांनी १९६१ मध्ये केलेली टीका अजूनही लागू आहे. संदर्भ हुडकायला घ्या, अर्थ ठरवायला नको.

सहावी पायरी: आता अवशेषांचे संदर्भकोश

इथं शब्दांऐवजी वस्तू, माणसं आणि जागा शोधायच्या असतात. इंग्रजी कोशांतली दोन शीर्षकं आधी ओळखून ठेवा, नाहीतर भलतीकडे जाल. ‘इन्व्हेन्शन’ म्हणजे इथं शोध लागणं, सापडणं. ‘ट्रान्स्लेशन’ म्हणजे अवशेष एका जागेहून दुसरीकडे समारंभानं नेणं. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियरचं शरीर १५५४ मध्ये गोव्यात आलं, तो प्रसंग या दुसऱ्या शीर्षकाखालचा.

सुरुवात ऑक्सफर्डच्या ख्रिस्ती चर्चच्या कोशापासून करा. पहिली आवृत्ती १९५७ ची, चौथी २०२२ ची. नोंदी छोट्या, पण प्रत्येकीखाली पुढच्या वाचनाची यादी. पूर्वेकडचं चर्च असेल तर १९९१ चा तीन खंडांचा ऑक्सफर्ड बायझंटाइन कोश. शार्लमेन या फ्रँक सम्राटापर्यंतच्या (इसवी सन ८०० च्या सुमारापर्यंतच्या) काळासाठी स्मिथ आणि चीथम यांचा १८७५–८० चा दोन खंडी कोश फुकट मिळतो. जुना आणि अँग्लिकन नजरेचा, पण मूळ ग्रंथांची स्थळं भरपूर. फ्रेंच येत असेल तर काब्रोल आणि लक्लेर्क यांचा महाकोश आहेच.

१९०७ ते १९१२ मधला कॅथलिक विश्वकोशही नेटवर आहे. तो कॅथलिक म्हणजे सगळ्याच अवशेषांचं समर्थन करणार, असं समजून लोक तो बाजूला टाकतात. त्यातला अवशेषांवरचा लेख जेझुइट हर्बर्ट थर्स्टन यांचा आहे, आणि त्याच थर्स्टन यांनी तिथंच तुरिनच्या (येशूचं म्हणून मानल्या जाणाऱ्या) कफनवस्त्राबद्दलच्या लेखात त्याच्या खरेपणावर स्पष्ट शंका घेतलीय. लेखकाचं नाव नोंदीखाली असतं, ते वाचत जा.

सगळ्यात उपयोगी पडेल ते ऑक्सफर्डचं ‘कल्ट ऑफ सेंट्स इन लेट अँटिक्विटी’ हे फुकट आंतरजालीय भांडार. साधारण इसवी सन ७०० पर्यंतचे ग्रीक, लॅटिन, सिरियाक, कॉप्टिक, आर्मेनियन, जॉर्जियन पुरावे त्यात आहेत. एकेका पुराव्याची नोंद: मूळ मजकूर, इंग्रजी भाषांतर, काळ, टिप्पणी.

प्रत्येक अवशेषाबद्दल वहीत दोन तारखा वेगळ्या लिहा: घटना कधीची सांगतात, आणि ती सांगणारा पहिला साक्षीदार कधीचा. खऱ्या क्रुसाचं, म्हणजे येशूला ज्यावर खिळलं तो मानल्या जाणाऱ्या क्रुसाचं, बघा. क्रूस सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना हिनं शोधला असं म्हणतात. पण त्याच काळातला चर्चचा इतिहासकार युसेबिअस यानं कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात तिच्या पॅलेस्टाइन यात्रेचं वर्णन केलंय आणि क्रुसाचा शब्द काढलेला नाही. चौथ्या शतकाच्या मध्याला जेरुसलेमचा बिशप सिरिल क्रुसाचे तुकडे जगभर गेल्याचं सांगतो, मात्र हेलेनाचं नाव ठळकपणे जोडलं जातं ते ३९५ मध्ये मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज याच्या भाषणात. तारखा शेजारी मांडल्या की परंपरा कशी वाढली ते नुसत्या नजरेला दिसतं.

तुरिनच्या वस्त्राचंही तेच. सिंदोन म्हणजे काय हे कोश सांगेल. तुरिनमधलं कापड तेच का, हे कोणताही कोश सांगू शकत नाही. त्यासाठी चौदाव्या शतकातल्या फ्रान्समधली कागदपत्रं आहेत आणि १९८८ ची कार्बन चाचणी आहे, जिचा निकाल १२६० ते १३९० असा आला. शब्दाच्या व्युत्पत्तीवरून कापडाचा खरेपणा सिद्ध करणारे लेख दोन्ही बाजूंनी लिहिले जातात. ते दिसले की पान उलटा.

गोव्याचं एक उदाहरण याच कामाचं आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराझला मारली गेली आणि ऑगस्टिनियन साधूंनी तिचे काही अवशेष जुन्या गोव्यात आणले. सेंट ऑगस्टिनच्या अवशिष्ट मनोऱ्याजवळच्या उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत त्याची डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारतानं अवशेष जॉर्जियाला दिले. जागा जुन्या पोर्तुगीज कागदांनी दाखवली, ओळख प्रयोगशाळेनं बळकट केली. त्या कागदांत राणीचं नाव ‘ग्वातिवांदा’ असं येतं. म्हणून संतांची नावं शोधताना सगळी रूपं आधी एका कागदावर काढून ठेवायची.

अवशेषांचे वर्गही बघून ठेवा. पहिल्या वर्गात शरीराचा भाग, दुसऱ्यात वापरातली वस्तू, तिसऱ्यात स्पर्श झालेली वस्तू, अशी लोकांतली जुनी वाटणी. पौलाचे रुमाल कुठं बसवायचे यावरही मग चर्चा रंगते. २०१७ च्या डिसेंबरमधल्या व्हॅटिकनच्या सूचनापत्रात मात्र ‘महत्त्वाचे’ आणि ‘इतर’ असे दोनच प्रकार आहेत. पवित्र अवशेषांची विक्री कॅथलिक कायद्याच्या ११९० व्या कलमानं पूर्ण निषिद्ध आहे. तेव्हा कोणी प्रमाणपत्रासकट ऑनलाइन विकायला काढला असेल तर अभ्यासासाठी म्हणूनही त्या वाटेला जाऊ नका.

पैसे कुठं खर्च करायचे

अ‍ॅबट-स्मिथ, थेअर, मोल्टन-मिलिगन, ई. ए. सोफोक्लीस, स्मिथ-चीथम हे सगळे इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. एकच कोश विकत घ्यायचा तर बाउअर-डँकर घ्या. महाग आहे, पण वर्षानुवर्षं पुरतो. जुन्या दुकानात १९५७ किंवा १९७९ ची आवृत्ती स्वस्तात मिळाली तरी सुरुवातीला चालेल. फक्त वहीत आवृत्तीचं साल लिहायला विसरू नका, अर्थांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. लॅम्पे आणि किटेल घरी नकोत. पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठाचं ग्रंथालय, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधली हेरास इन्स्टिट्यूट, गोव्यात पर्वरीचं झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च अशा ठिकाणी आधी पत्र किंवा ईमेल करून परवानगी विचारा. जाताना ‘ग्रीक कोश बघायचे आहेत’ असं मोघम सांगू नका. दहाबारा शब्द मूळ रूपात, ग्रीक अक्षरक्रमानं लिहून न्या आणि प्रत्येकापुढं तो कोणत्या लेखकात, कोणत्या शतकात भेटला ते टाका. ग्रंथपालाला कोणता खंड काढायचा ते त्या कागदावरूनच कळतं.